रानडुकरं आल्याची आनंदाची बातमी

म्हसा,
१४ जानेवारी २०२५

डॉक्टरीण ताई,

पाया पडतो, पण लांबून. जवळ आलो की तू तोंड उघड म्हणतेस.

मी म्हशाच्या जत्रेत आहे. एका घोंगडीवाल्याकडं घोंगड्या झटकायचं नि घडी घालायचं काम धरलंय. काल बैलबाजारात एक खिल्लार बघितला, शिंगं अशी की मधी चंद्र अडकावा. मी त्याच्याभवती फिरत बसलो. मालक म्हणाला, "घेणार हायस का?" मी म्हणालो, "नाय, बघणार हाय." तो म्हणाला, "मग लांबून बघ, तो लाजतो." असो. त्या बघण्यातच माझा मोबाईल खिशातून पडला नि लाजऱ्या बैलाच्या पायाखाली गेला. म्हणून हा कागद. लडकूदादाची जीप शहापुराकडं येतेय, तिच्यात देतो.

मुद्दा असा की बाईजा आत्याची मागची दाढ फुटली. अर्धी भाकरीत आली. रोज सकाळी डोकं नि जबडा दुखतो म्हणते. एखादी गोळी पाठव.

मुद्दा संपला. आता खरी गोष्ट ऐक. काका नोकरीसाठी शहापुराला आले नि तू तिथंच वाढलीस, म्हणून आपली आत्या काय चीज आहे ते तुला पुरतं माहीत नाय. आपल्या पाड्यावर धवलारीण धवले गायल्याशिवाय लग्न लागत नाय. भटजी असो नसो, तिची गाणी झाली म्हंजे लग्न झालं. नि आपली आत्या साऱ्या डोंगरपट्टीची धवलारीण! मार्गशीर्षात शेजारच्या चिमीचं लग्न झालं. देवांना आवतण द्यायच्या ओळी आल्या. आत्यानं डोंगराला आवतण दिलं, उंबराला दिलं, पाणवठ्याला दिलं, नि मधीच गप. मान खाली. मांडवातली पोरंसुदीक गप झाली. साऱ्यांनी हात जोडले, कारण साऱ्यांना ठाऊक आहे, आवतण पोचलं, देव येऊन तिच्यापाशी बसला. मग तिनं मोठ्यानं श्वास ओढला नि ओळ जिथं तुटली होती तिथूनच पुढं! एक शब्द इकडंतिकडं नाय.

आधी एखाद्या लग्नात व्हायचं, आता दर लग्नात होतं. इथल्या चहावाल्याला मी सांगितलं, आमच्या आत्याच्या गाण्याला देव येतो. तो म्हणाला, "नशीबवान. माझ्या चहाला गिऱ्हाईक येत नाय."

वैशाखात आपल्या काजलचं लग्न आहे. माझी एकुलती बहीण, धसईत देतोय. तेव्हा येऊन तूच बघ.

तुझा,
शाम

*

शहापूर,
१९ जानेवारी

शाम,

पत्र मिळालं, बैलही पोचला. गोळी पाठवत नाही. फुटलेल्या दाढेला लांबून गोळी देणं म्हणजे गळक्या छपराला शहापुरातून ठिगळ लावणं.

मला काही गोष्टी बघून कळव. आत्याच्या दाढा वरून सपाट, झिजल्यासारख्या दिसतात का? जिभेच्या कडेला दातांचे वळ आहेत का? आणि ती झोपते तेव्हा घोरणं मधेच बंद पडतं का? रात्री जागू नकोस, तुझ्याच्याने होणारही नाही. दुपारी जेवून ती आडवी होते तेव्हा शेजारी बसून बघ.

तू चिमीच्या लग्नाचं लिहिलंस ते वाचून मला हसू आलं नाही. काळजी वाटली. झोपेत श्वास अडण्याचा एक आजार असतो. माणूस रात्रभर गुदमरून जागा होतो, सकाळी त्याला आठवतही नाही, आणि दिवसा बसल्याजागी डुलकी लागते. हृदयावर, रक्तदाबावर ताण येतो तो वेगळाच. मी दातांची डॉक्टर. या आजाराचा निवाडा मी करू शकत नाही. तो झोपेची तपासणी करून त्यातले डॉक्टर करतात. पण माणसाच्या तोंडात सगळ्यात आधी मी डोकावते, म्हणून शंका मला आधी येते.

हे कुणाला बोलू नकोस. कुणालाच म्हणजे तुझ्या ओळखीच्या कुणालाच, आणि तुझ्या ओळखीचं कोण नाही हे मला माहीत आहे.

ताई

*

उंबरमाळीच्या वरचा पाडा,
२ फेब्रुवारी

ताई,

आलो पाड्यावर. वाटेत दोन दिवस एका विहिरीच्या खोदकामावर थांबलो, सुरुंग बघायचा होता. मोठा आवाज झाला. पाणी नाय लागलं.

तू सांगितलंस तसं बघितलं. दाढा सपाट, जात्याच्या तळीसारख्या. जिभेला कडेनं वळ आहेत, पापडाच्या कातरीसारखे. मग दुपारी ती ओटीवर आडवी झाली. घोरणं सुरू. त्याचं कौतुक नाय, बाईजाचं घोरणं साऱ्या पाड्याला माहीत. लोक म्हणतात, तिच्या परसात रानडुक्कर येत नाय, त्याला वाटतं आत आपल्याहून मोठं कोणतरी आहे. ती अंगणात झोपते नि तिची रताळी कायम शाबूत.

तर घोरणं मधीच बंद. मी म्हटलं, लागली शांत झोप. पण पोट हलतंय, छाती हलतेय, नि नाकाशी काय नाय. कोंबडीचं एक पीस पडलं होतं ते मी नाकापुढं धरलं. पीस हललं नाय. ताई, मी वाट बघतोय, पीस तसंच. हाक मारणार एवढ्यात तिनं असा श्वास ओढला की पीस आतच जायचं. कोंबड्या पळाल्या. ती मात्र उठली नाय. मग परत घोरणं, परत बंद.

आता पुढचं लिहायला हात जड झालाय. ते बघून मी एवढा भ्यालो की बाहेर येऊन बोलून गेलो. हापशावर भिमीकाकी होती. मी म्हणालो, "आत्याला देव नाय, रोग आहे. ताईनं लिहिलंय." बस. भिमीकाकीचा हंडा भरायच्या आत पाड्यावर फिरलं, नि लडकूदादाच्या जीपनं धसईलासुद्धा पोचलं. काजलच्या सासरचे कबूल होते की लग्न आपल्या पद्धतीनं, धवल्यांनी लागेल. आता नवरदेवाचा, हर्षितचा, काका सावळाराम निरोप धाडतोय, "मांडवात झोपणारी धवलारीण नको. आमी भटजी आणतो नि बँड आणतो."

आत्या माझ्याशी बोलत नाय. जेवायला वाढते, पण कुत्र्याला सांगते, "त्याला म्हण, भाकर निवतेय." काजल रडते. ती म्हणते, आत्यानं गायलं नाय तर मी पाटावर उभी राहणार नाय.

काय करू?

शाम

*

शहापूर,
७ फेब्रुवारी

शाम,

काय करू विचारतोस, तर पहिल्यांदा गप्प बस. मग सोबतचा कागद आत्याला वाचून दाखव. सगळा वाच. मधे स्वतःचं काही घालू नकोस.

ताई

आत्या,

शाम जे बोलला ते मी लिहिलं नव्हतं. देव येतो की नाही हे सांगणं दातांच्या डॉक्टरचं काम नाही, आणि मला त्यातलं काही कळत नाही. मला श्वासाचं थोडं कळतं.

खाचराच्या बांधाला मोरी ठेवतात ना, पाणी जायला? घशाला तशी वाट असते. झोपलं की जीभ आणि घशाचं मांस सैल पडून मागं सरकतं आणि मोरी बुजते. छाती ओढत राहते, वारा आत जात नाही. मग जीव घाबरून स्वतःला जागं करतो. रात्रभर असंच चालू. अशा माणसांत पुष्कळ जण झोपेत दातही खातात. तुझ्या दाढा त्यानेच झिजल्या असाव्यात. रात्रीची झोप अपुरी राहते, ती दिवसा कुठेही गाठते. मांडवातही.

आवतणाच्या मधेच तुझी मान पडते तेव्हा ज्या देवांची नावं राहिलेली असतात ते बाहेर ताटकळत उभे राहतात, एवढंच माझं म्हणणं आहे. दाढ दाखवायला ये. डॉक्टरांनी सांगितलं तर दातांवर बसणारी एक वस्तू मी करून देऊ शकते. झोपताना घालायची. ती खालचा जबडा थोडा पुढे धरते, म्हणजे जीभ मागं पडत नाही आणि मोरी उघडी राहते.

काजलच्या लग्नात तूच गायचंस. दुसरं कुणी गायलेलं मला चालणार नाही.

तुझी,
प्रियांका

*

पाडा,
१२ फेब्रुवारी

प्रियांका बाय,

मी सांगतेय नि शाम लिवतोय. मधी काय वाकडंतिकडं आलं तर ते त्याचं, माझं नाय. (येणार नाय. शाम.)

तुझा कागद त्यानं दोनदा वाचला. पयल्यांदा निम्मा गाळला व्हता, मला कळलं. तू दात बघाया शिकलीस, मी साऱ्यांना सांगते, माझी भाची डाक्टर हाय. तोंड उघडाया लावते नि सायबलोकसुदीक उघडतात. पन तू दात काढाया शिकलीस ती आता माझी झोप काढाया निघालीस व्हय गो?

मी मांडवात झोपते असं मला आजवर कुनी बोललं नव्हतं. मलाबी वाटायचं, देव येतो म्हनून डोळं जड व्हतात. पन खरं सांगू, आलीकडं चुलीपुढंबी जड व्हतात. चुलीपुढं देव कशाला येईल, त्याला काय भाकर भाजायची हाय?

मी येन. धवलं गानाऱ्या तोंडाला उष्टं चालत नाय, तरी येन. पन फुकाट नाय. तुझा बाप पाड्यावरनं गेला नि त्याच्या घरातनं गानं गेलं. तू मोठी झालीस, तुला एक धवला येत नाय. तवा आसं कर. तुझी वस्तू मी तोंडात घेते, माझं गानं तू तोंडात घे. काजलच्या लग्नात माझ्या मागं ओळ उचलाया बस. भिमीचा आवाज फाटलाय, नि तोंड तर त्याहून फाटलंय. (हे मी लिहिलेलं नाय, तिनंच सांगितलं. शाम.)

नाय बोललीस तर माझी मोरी बुजू दे.

बाईजा
(अंगठा उठवलाय. शाई नव्हती, काजळ लावलं.)

*

शहापूर,
१६ मार्च

शाम,

तू आत्याला लडकूच्या जीपमध्ये बसवलंस आणि स्वतः मधेच कुठे उतरलास, ते मी विचारत नाही. इथलं सगळं सांगते.

आत्या माझ्या खुर्चीत बसली आणि तोंड उघडलं. अरे, काय दात आहेत तिचे! ती फुटलेली दाढ सोडली तर एक दात हलत नाही, एक किडलेला नाही. करंजाच्या काडीने जन्मभर घासलेले. दात ठिसूळ असते तर हा मार्गच बंद होता, कारण वस्तू दातांवरच बसते. मी माझ्या मदतनीस मुलीला, सारिकाला, बोलावून दाखवले. आत्याही आ वासून बसली, गावजेवणात वाढून घ्यावं तशी समाधानी.

कल्याणच्या झोपेच्या डॉक्टरांनी तपासणी केली. छातीला पट्टा, बोटाला चिमटा, नाकाशी नळी लावून ती आमच्या घरी झोपली. आजार आहे. मध्यम आहे. त्यांनी आधी हवेचं मशीन सुचवलं. तोंडावर मास्क लावून हवा सोडतात, तो उपाय सगळ्यात भरवशाचा. आत्याने वापरून पाहिलं आणि म्हणाली, "बैलाला मुसकं बांधतात मळणीला. मी काय दाणा खाते व्हय?" शिवाय पाड्यावर वीज कधी जाईल नेम नाही. आजार जास्त असता तर डॉक्टरांनी आपलं काहीच ऐकलं नसतं. पण त्यांनी विचार करून मला चिठ्ठी दिली, दातांवरची वस्तू करून बघा, मग पुन्हा तपासू.

साचा घ्यायला तोंडात लगदा भरला तर म्हणाली, "ही तांदळाची उकड हाय का? मीठ नाय." वस्तू ठाण्याच्या लॅबमधून तयार होऊन आली, मी बसवली. मुंबईत हे शिकून आले होते, पण माझ्या हातून झालेली ही पहिली. बसवताना मी पुन्हा पुन्हा वाकून बघत होते. आत्या म्हणाली, "गाय व्यायचीय का गो, सारखी वाकून बघतेस ती?"

आता लक्ष दे. थंड पाण्याने धुवायची, गरम पाणी बिलकूल नाही. पहिले काही दिवस लाळ सुटेल, सकाळी दात एकमेकांवर नीट बसले नाहीत असं वाटेल. शिकवलेला जबड्याचा व्यायाम करायला लाव. जबडा पुढे सरकवायचा स्क्रू मी सांगेन तेव्हाच, तेवढाच फिरवायचा.

आणि मी रोज धवले पाठ करते. एका पेशंटने चूळ भरता भरता विचारलं, "मॅडम, लग्न कुणाचं?" काल घरी गात होते, एक ओळ चुकले. तर आतल्या खोलीतून बाबांनी ती बरोबर म्हटली. मी आत गेले तेव्हा ते पेपर वाचत होते. पेपर उलटा होता.

ताई

*

धसई,
२ एप्रिल

ताई,

मी धसईत आहे. भाजीच्या व्यापाऱ्याकडं काकडीची पोती भरतो. काकडी भरताना एक गोष्ट कळली, वाकडी काकडी सरळीपेक्षा जास्त बोलते, म्हंजे पोत्यात करकरते. असो.

इथं यायचं कारण सावळारामकाका. बाजारात गाठला त्याला. तो म्हणाला, "काय पाव्हनं, तुमची धवलारीन जागी हाय ना?" मला असा राग आला! मी भर बाजारात बोललो, "आमची ताई शहापुरात डॉक्टर आहे. तिनं अशी वस्तू घडवलीय की आमची आत्या एका दमात सगळे धवले गाईल. मान पडली तर माझं नाव बदला." माणसं जमली. तो म्हणाला, "बरं. गाऊ दे. पन एकदा जरी मान पडली तर मी हात वर करनार नि बँड सुरू. धवले तिथंच बंद. कबूल?" मी त्याच्या तळहातावर टाळी दिली. म्हणजे काजलच्या लग्नाला धवले परत आले! बघ, भरकटलेला माणूस पण कामाचा असतो.

अजून एक आनंदाची. पाड्यावरून निघालो त्या दिवशी देव्हाऱ्यात बघितलं तर तुझी वस्तू! हळद-कुंकू लावलेलं, वर मोगऱ्याचं फूल. आपण औत पूजतो, विळा पूजतो, तशी आत्यानं तुझी वस्तू पूजलीय. देवांच्या रांगेत, ताई! एवढा मान शहापुरातल्या कुठल्या डॉक्टरला मिळाला असेल?

शाम

*

शहापूर,
५ एप्रिल

शाम,

अरे, देव्हाऱ्यात आहे म्हणजे ती घालत नाही! मला आधीच सुचायला हवं होतं. तिने पत्रात सांगितलं होतं, धवले गाणारं तोंड, उष्टं चालत नाही. वस्तू तोंडात घातली की उष्टी, आणि उष्टी वस्तू देवापुढे कशी ठेवेल? तिने ती उचलून मान दिला आणि बाजूला ठेवली. सोन्याचा नांगर फळीवर.

आणि तू भर बाजारात टाळी देऊन आलास. मान पडली तर सगळ्या मांडवादेखत तिचं गाणं थांबवणार. एवढ्या वर्षांच्या धवलारणीचं! काजलचं काय होईल? तुला कुणी सांगितलं होतं?

माझं चुकलं असेल. वस्तू बसवली आणि वाटलं काम झालं. ती तोंडात राहते का हे बघणं हेही माझंच काम.

मला आठवडाभर क्लिनिक सोडता येत नाही. काकड्या टाक आणि आजच पाड्यावर जा. वाटेत बैल बघू नकोस. काहीच बघू नकोस.

प्रियांका

*

पाडा,
९ एप्रिल

ताई,

बातमी आनंदाची आहे. रानडुकरं आली!

सरळ आलो. करवंदं खायला थांबलो ती चालता चालता खाल्ली, ते थांबणं धरू नकोस. पोचलो तर आत्या परसात उभी, कमरेवर हात, नि तुझ्या नावानं बोंब. "बघ तुझ्या ताईनं काय केलं!" रताळ्याचे सगळे वेल उकरलेले. एक रताळं शिल्लक नाय. मी म्हणालो, "ताईनं काय केलं? ताई शहापुरात आहे." आत्या म्हणाली, "ती वस्तू घालते तवापास्न मी घोरत नाय, नि मी घोरत नाय म्हनून मेली डुकरं आली! एवढी वरसं माझ्या परसात त्यांची टाप नव्हती!"

ताई, मी तिथंच चिखलात बसलो नि हसलो. आत्यानं मला रताळ्याचा वेल फेकून मारला.

म्हणजे ती घालते! रोज घालते. मी विचारलं, "मग देव्हाऱ्यात?" म्हणाली, "औत पूजतात ते काय देव्हाऱ्यात ठेवाया? पुजून शेतात घालायचं आसतं. दिसभर ती देवापाशी ऱ्हाते, झोपताना माझ्यापाशी." मी उष्ट्याचं विचारलं. तिनं माझ्याकडं असं बघितलं जसा मीच डुक्कर. "माझ्याच तोंडातलं मला उष्टं कसं व्हईल रे? नि देवापुढं ठेवते ती धुऊन ठेवते. तुझी ताई डाक्टर हाय का भटीन?"

दुपारी ती ओटीवर वस्तू घालून आडवी झाली. मी पीस धरलं. गेलं नि आलं, गेलं नि आलं, झोपाळ्यासारखं. मधी एकदा थोडं अडखळलं, पण थांबलं नाय. मी बघत बसलो तो मलाच झोप लागली.

सकाळी डोकं दुखत नाय म्हणते. चुलीपुढं गाते. वस्तू हळदीनं पिवळी झालीय, त्याचं काय?

शाम

*

शहापूर,
२७ एप्रिल

शाम,

पिवळी राहू दे. मागच्या आठवड्यात आत्या इथे दुसऱ्या तपासणीला आली तेव्हा फोटो काढून लॅबवाल्याला पाठवला, तो म्हणाला असा रंग आमच्याकडे नाही.

दुसऱ्या तपासणीचा कागद आला. डॉक्टरांनी फोन करून सांगितलं, श्वास अडणं पुष्कळ कमी झालंय. पुरतं गेलेलं नाही. वस्तू रोज घालायची, मला दाखवत राहायचं, दात आणि जबडा मी बघत राहणार. मग ते म्हणाले, "चांगलं बसवलंय तुम्ही." मी फोन ठेवला आणि सारिकाला म्हटलं, पुढच्या पेशंटला जरा थांबव. खिडकीत जाऊन उभी राहिले.

तरी पैजेची भीती वाटते. आजार कमी झाला म्हणून गाता गाता कुणाची मान पडणारच नाही असं मी लिहून देऊ शकत नाही. तू दिलंस.

आत्याच्या पुढच्या वर्षीच्या रताळ्यांसाठी कुंपणाची जाळी मी देते म्हणावं.

ताई

*

शहापूर,
१२ मे

शाम,

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी उठले तर तू पुन्हा नाहीसा. लडकू म्हणाला, माळशेजकडे गेला, मधवाल्यांबरोबर. ऐन गाण्याच्या वेळी तुला जनरेटरच्या डिझेलला खाली पाठवलं आणि तू सगळं संपल्यावर उगवलास. सगळे म्हणाले, शाम भरकटला. तुझ्याच बहिणीचं लग्न, तूच लावलेली पैज, आणि तूच नाहीस! म्हणून लिहिते, नाहीतर तुला कुणी सांगणार नाही.

उन्हं उतरली होती. आत्या पाटावर बसली, मी तिच्या मागे, भिमीकाकी माझ्या शेजारी रुसून. समोर सावळारामकाका खुर्ची टाकून आणि त्यांच्यामागे बँडवाले, ताशावर काठ्या टेकवून. आवतण सुरू झालं. डोंगर झाला, उंबर झाला, पाणवठा आला. आणि तुला सांगते, सगळ्या मांडवाने हात जोडले. सवयीने. आता तुटणार म्हणून. सावळारामकाकांचा उजवा हात अर्धा वर गेला.

आत्या थांबली नाही. पाणवठ्यावरून वेशीवर गेली, वेशीवरून पूर्वजांवर, एकेकाचं नाव घेत. मी मागून ओळ उचलायची, पण मी तिच्या मानेकडे बघत बसले आणि माझीच ओळ सुटली. पुरुषांच्या बाजूने कुणीतरी ती उचलली. बाबा. सगळ्यांसमोर, मोठ्याने. आत्याने मागे वळून बघितलं नाही, फक्त पुढची ओळ थोडी वर चढवली.

सावळारामकाकांचा हात बराच वेळ तसाच अर्ध्यावर होता. मग तो खाली आला आणि दुसऱ्या हाताला जाऊन मिळाला.

गाणं संपल्यावर भिमीकाकीने विचारलं, "बाईजा, आज देव आला नाय काय गो?" आत्या म्हणाली, "आला ना. आज त्याला मला उठवाया लागलं नाय."

निघताना सावळारामकाका माझ्याजवळ आले. माझी बायको फार घोरते म्हणाले, धसईला कधी येता? मी म्हटलं, आधी डॉक्टरांकडे तपासणी, मग माझ्याकडे. आत्या मधेच म्हणाली, "नि रताळी लावली आसतील तर आधी कुंपन घाला."

तू असायला हवा होतास रे.

ताई

*

माळशेज,
१८ मे

ताई,

मी भरकटलो नव्हतो.

डिझेलचा डबा खांद्यावर घेऊन चढण चढत होतो. पाड्याच्या खालच्या वळणावर आलो नि आत्याचा आवाज खाली आला. आवतण चाललं होतं. तिची ओळ कुठं तुटते ते मला माहीत आहे; एवढ्या लग्नांत मी ती ऐकलीय. पाणवठा आला नि मी उभा राहिलो. म्हटलं, आता तुटेल. सावळारामचा बँड वाजेल. तो वाजताना मला तिथं जायचं नव्हतं. काजलचं तोंड बघायचं नव्हतं.

पाणवठा गेला. वेस गेली. मी वाट बघतोय. मग आजोबांचं नाव आलं, त्यांच्या बापाचं आलं. ताई, ती नावं मी कधी सलग ऐकली नव्हती. दर वेळी तिथं ती थांबायची नि आमी हात जोडायचो, नि त्या गडबडीत ती नावं कानावरून निघून जायची. आपल्या खापरपणज्याचं नाव काय ते मला त्या वळणावर कळलं. मागून ओळ उचलणारा एक आवाज मधीच सुटला, तो तुझा. मग काकांचा आला. काका गातात!

खाली हायवेला ट्रक जात होते, तेवढे सोडले तर सगळा डोंगर ऐकत होता. मला वाटलं, मी पुढं पाऊल टाकलं तर काहीतरी तुटेल. म्हणून हललो नाय, शेवटची ओळ होईपर्यंत.

त्याच्यामुळं उशीर झाला. सगळं संपल्यावर कळलं, डबा अजून खांद्यावरच होता. खाली ठेवायचं सुचलंच नाय.

तुझा,
शाम